कूपरेजपासून बालाघाटापर्यंत
(प्रस्तावना)

खेळाच्या पुस्तकाला खेळाडू लागतो, गोल लागतो, शेवटच्या मिनिटाला फिरलेला सामना लागतो. या पुस्तकात यातले थोडेच आहे. इथे सभांची इतिवृत्ते आहेत, संलग्नतेचे अर्ज आहेत, नोंदणीची फी आहे, पंचांच्या परीक्षा आहेत आणि भांडणे तर पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार पाहणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन हा या पुस्तकाचा विषय. तिला सगळे ‘विफा’ म्हणतात, मीही तसेच म्हणेन.

विषय कोरडा वाटेल. त्यातला ओलावा कुठे आहे हे कळायला एक साधा प्रश्न पुरतो. कपिलधारची एखादी पोरगी चांगला फुटबॉल खेळू लागली, तर महाराष्ट्राच्या संघापर्यंत पोहोचायला तिला कोणकोणते उंबरठे ओलांडावे लागतील? कपिलधार हे बीड तालुक्यातले, मांजरसुंब्याजवळचे, बालाघाटाच्या डोंगरातले ठिकाण. महाराष्ट्र-कर्नाटकातले वीरशैव लिंगायत भाविक ते संत मन्मथस्वामींच्या समाधीसाठी ओळखतात, बाकीच्यांना पावसाळ्यातला धबधबा ठाऊक असतो. फुटबॉलसाठी ते कोणाला माहीत नाही. उदाहरणाला म्हणूनच घेतले.

या पोरीपुढे दोन वाटा आहेत. एक शाळेची. शाळेचा संघ आधी तालुक्याला खेळतो, तिथून जिल्ह्याला, मग विभागाला, मग राज्याला. हा कारभार सरकारचा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पत्र निघते, शाळा प्रवेशिका भरते, क्रीडाशिक्षक पोरांना एसटीत घालून नेतो. हवाई दलाने १९६० साली सुरू केलेली सुब्रतो करंडक स्पर्धाही शाळांच्याच साखळीतून वर जाते. दुसरी वाट संघटनेची. खेळाडू क्लबकडे, क्लब जिल्हा फुटबॉल संघटनेकडे, जिल्हा संघटना विफाकडे, विफा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे, आणि महासंघ पुढे आशियाई संघटनेकडे व फिफाकडे. वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी आणि पुरुषांच्या आंतरराज्य संतोष करंडकासाठी महाराष्ट्राचा संघ निवडला जातो तो या दुसऱ्या वाटेवर. पहिल्या वाटेला एक हौशी शिक्षक आणि अकरा पोरी मिळाल्या तरी चालते. दुसरीला संलग्न क्लब लागतो, चालू असलेली जिल्हा संघटना लागते, नियमित स्पर्धा लागते, परीक्षा दिलेला पंच लागतो. जिथे क्लबच नाही तिथे ही वाट सुरूच होत नाही. पोरगी कितीही चपळ असो, तिच्या नावाची नोंद होत नाही.

नोंद हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. फुटबॉल खेळायला संघटना लागत नाही. माळावर दोन दगड ठेवले की गोल तयार होतो. संघटना लागते ती खेळलेले मोजले जावे म्हणून. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. दोन्हींसाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या स्पर्धेचेच लागते. गावच्या जत्रेत भरलेल्या स्पर्धेचा चषक कमरेएवढा उंच असला आणि बक्षीस आमदारांच्या हस्ते मिळाले असले, तरी पडताळणीच्या टेबलावर त्याला किंमत नसते. काही खेळांत बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आल्यापासून ही पडताळणी आणखी कडक झाली आहे. संघटनेची खरी ताकद तिच्या शिक्क्यात असते. तो शिक्का कोणाच्या हाती आहे, कुठे पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही, याचा इतिहास म्हणजे हे पुस्तक.

ही कल्पना इंग्लंडातून आली. १८६३ साली लंडनमध्ये काही क्लब एकत्र बसले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. वाद होता तो चेंडू हातात धरून पळावे की नाही आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारलेली चालावी की नाही, याचा. नडगीवाले रागावून बाहेर पडले आणि त्यांचे रग्बी झाले. खेळाची पहिली नियामक संस्था भांडण मिटवायला जन्मली, आणि मिटवता न आल्यामुळे फुटली. पुढच्या दीडशे वर्षांत ही परंपरा सगळ्या संघटनांनी इमानाने चालवली आहे.

भारतात खेळ पलटणींबरोबर आला. सिमल्यात १८८८ साली ड्युरँड करंडक सुरू झाला, मुंबईत १८९१ साली रोव्हर्स करंडक, कलकत्त्यात १८९३ साली इंडियन फुटबॉल असोसिएशन. मुंबईतला क्रम बघण्यासारखा आहे. तिथे करंडक आधी आला आणि विफा स्थापन झाली १९११ साली, म्हणजे वीस वर्षांनी. या पुस्तकाच्या लेखकाने या गोष्टीला फार महत्त्व दिले आहे आणि मला ते पटते. करंडकामागून आलेल्या संघटनेला करंडक भरवणे हेच आपले मुख्य काम वाटते. मोसम आला की मैदान आखायचे, फक्की मारायची, तिकिटे छापायची, बाहेरचे संघ बोलवायचे. जिल्ह्याजिल्ह्यांत क्लब उभे करणे, पंच घडवणे, पोरांची नोंद ठेवणे ही कामे मागून सुचतात, आणि मागून सुचलेल्या कामाला पैसाही मागूनच मिळतो.

१९११ हे साल भारतीय फुटबॉलमध्ये दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकले. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तिकडे गोऱ्यांना हरवण्याचा उत्सव चालू होता आणि इकडे मुंबईत कारभाराची घडी बसत होती. मुंबईला असा क्षण मिळायला बराच काळ गेला. रोव्हर्सचा पहिला मानकरी वूस्टरशायर पलटण, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तीच परंपरा. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ ने हरवले. रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगळूरचा, बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली. त्याच वर्षी २३ जूनला सिमल्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. कलकत्त्याची संस्था स्वतःला देशाची समजत होती आणि बाकीच्या प्रांतांना ते मान्य नव्हते; त्या ओढाताणीतून महासंघ निघाला. फिफाचे सदस्यत्व १९४८ साली मिळाले.

मुंबईचा फुटबॉल कूपरेज मैदानाभोवती वाढला, आणि तो कचेऱ्यांचा व गिरण्यांचा फुटबॉल होता. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, दोन्ही रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळे, दुपारनंतर सरावाला सुटी मिळे आणि निवृत्तीनंतर पेन्शन. कंपनीची जाहिरात व्हायची आणि खेळाडूचे घर चालायचे. धोबीतलावच्या गोवेकर कुडांतून, माहीम-वांद्र्याच्या पॅरिशांमधून आणि मुसलमान मोहल्ल्यांमधून पोरे येत. नेव्हिल डिसोझा याच मुंबईचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. संतोष करंडकही या मंडळींनी आणला: मुंबई म्हणून १९५४-५५ मध्ये, महाराष्ट्र म्हणून १९६३-६४, १९९०-९१ आणि १९९९-२००० मध्ये. पण कंपनीचा संघ हा कंपनीच्या मर्जीचा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली संघच बंद झाला. रोव्हर्स करंडक तर त्याच्या दशकभर आधी, २०००-०१ च्या मोसमानंतर थांबला होता. मुंबई सिटी हा व्यावसायिक क्लब २०१४ साली आला आणि त्याने पुढे देशातली मोठी विजेतेपदे मिळवली, पण तोपर्यंत कचेरीतून फुटबॉल खेळून संसार उभा करण्याची मुंबई जवळपास संपली होती.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. तिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाळ, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे वाचली तरी कळते की मागे कंपनी नाही, पेठ आहे. राजघराण्याने आश्रय दिला, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, शाहू स्टेडियम मिळाले, आणि मोसमातल्या मोठ्या सामन्याला गॅलरी भरू लागली. तिकीट काढून स्थानिक सामना बघणारे महाराष्ट्रातले दुसरे शहर मला सांगता येणार नाही. पेठेच्या संघातून नायजेरियाचे खेळाडूही खेळून गेले आणि पेठेने त्यांना डोक्यावर घेतले. ईर्षेचे तोटेही कोल्हापूरने भोगले आहेत. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले, संघांवर बंदी घालावी लागली. पण बंदीचा धाक वाटतो याचा अर्थ संघटनेला तिथे वजन आहे. ज्या गावात बंदी घातली तरी कोणाला पत्ता लागत नाही, त्या गावातल्या संघटनेने कोल्हापूरचा हेवाच करावा. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत.

पुण्याचा फुटबॉल कँपातला, लष्कराच्या आणि मिशनरी शाळांच्या सावलीतला. ढोबरवाडीच्या मैदानाचे नाव तिथले जुने खेळाडू आजही प्रेमाने घेतात. नागपूरची जुनी लीग मोहल्ल्यांच्या क्लबांची. पण नागपूरची आठवण इथे दुसऱ्या कारणाने काढायची. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला आणि तो बेघरांच्या विश्वचषकापर्यंत नेला. ‘झुंड’ चित्रपटामुळे हे काम घराघरांत पोचले. हा सगळा प्रवाह संघटनेच्या शिडीबाहेर वाहिला. शिडीबाहेर इतके काही घडू शकते ही संघटनेची नामुष्की म्हणायची की संघटनेच्या मर्यादेचा पुरावा? लेखक पहिल्या बाजूला झुकतो, मी दुसऱ्या. गोव्याविषयी एवढेच, की तिथली संघटना पोर्तुगीज अमलात, १९५९ साली, स्थापन झाली आणि ती स्वतंत्रच राहिली. गावचे चर्च, गावचे मैदान आणि गावचा क्लब हे तिचे पाय. महाराष्ट्राला तो साचा कधी लाभला नाही.

आता मराठवाडा. या पुस्तकातला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग इथे आहे.

बीड जिल्हा १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. म्हणजे ज्या वर्षांत विफा मुंबईत रोव्हर्स भरवत होती, त्या वर्षांत बीडचा विफाशी काही संबंध नव्हता. बीडची राजधानी हैदराबाद होती, आणि हैदराबाद तेव्हा देशाच्या फुटबॉलची शाळा होती. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९६३ साली मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स जिंकून गेला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांचे प्रशिक्षक तेच, आणि मेलबर्नला चौथ्या आलेल्या संघाचेही तेच. एका प्रादेशिक संघटनेचा सचिव देशाचा खेळ घडवतो, याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही. सचिवाचे काम पत्रव्यवहारापुरते असते असे समजणाऱ्यांनी रहीमसाहेबांची वीस वर्षे बघावीत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्याच महिन्यात, १ डिसेंबरला, भारताने मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवले. त्या संघात हैदराबादचे कितीतरी खेळाडू होते. महिनाभरापूर्वीपर्यंत ते बीडच्याच राज्याचे खेळाडू होते. संतोष करंडक हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ असा लागोपाठ दोनदा जिंकला; दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. रोव्हर्सची ती पाच वर्षे बीड जिंकणाऱ्या राज्यात होता आणि १९५७-५८ च्या अंतिम सामन्यात हरणाऱ्या राज्यात. बीडमध्ये या दोन्हींपैकी कशाचे सुख-दुःख झाल्याचे कुठल्या म्हाताऱ्याच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

याचे एक कारण लेखक सांगतो आणि ते धाडसाचे आहे. मराठवाड्याच्या मनात निजामी राजवटीची आठवण रझाकारांची आहे. मुक्तिसंग्रामाची धग अनुभवलेल्या पिढीने हैदराबादी गोष्टींचा वारसा सांगावा, त्यातही हैदराबादच्या पोलिसांच्या संघाचा, ही अपेक्षाच चुकीची. भाषा तुटली, कचेऱ्या तुटल्या, त्याबरोबर फुटबॉलही तुटला. विफाकडे मराठवाडा आला तो नकाशावर रंग बदलल्यामुळे. मैदाने, क्लब, पंच यांची सोय त्या बदलात कोणी केली नव्हती.

विदर्भही १ नोव्हेंबर १९५६ लाच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झाले होते. म्हणजे आज विफाच्या ताब्यातला प्रदेश इंग्रजी मुंबई इलाखा, मध्य प्रांत, निजामाचे राज्य आणि संस्थाने अशा तुकड्यांतून शिवलेला आहे. क्रिकेटने हे तुकडे शिवलेच नाहीत. तिथे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन वेगळ्या संघटना आजही आहेत, तिघींचे रणजी संघ वेगळे आहेत, तिघींना क्रिकेट मंडळाकडून पैसा वेगळा मिळतो. फुटबॉलमध्ये ३६ जिल्ह्यांना एकच संघटना आणि संतोष करंडकाला एकच संघ. एकीत बळ असते हे खरे, पण अकरा जागांसाठी ३६ जिल्हे भांडतात तेव्हा कूपरेजच्या जवळचे आधी पोहोचतात, हेही खरे. मराठवाड्याला फुटबॉलची वेगळी संघटना असावी का, या प्रश्नावर लेखक थबकतो. मी थबकणार नाही. वेगळी संघटना मागण्याआधी आहे ती जिल्हा संघटना वर्षातून एक नियमित लीग भरवते का, हे विचारावे. ज्याला एक लीग भरवता येत नाही त्याला वेगळे राज्य मिळून काय उपयोग?

बीडमध्ये खेळाडू नाहीत असे म्हणण्याची आता कोणाची हिंमत होणार नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेचे सुवर्ण घेऊन आला, दोन ऑलिम्पिक खेळला. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. साबळेला सैन्याने घडवले. धावणाऱ्याला घड्याळ पुरते, त्याची वेळ कुठेही मोजता येते. धसला क्रिकेटच्या शिडीचा उपयोग झाला. बीडच्या पोराला पुण्यापर्यंत जाता येईल अशी वयोगटांच्या निमंत्रित स्पर्धांची साखळी तिथे आहे. फुटबॉलमध्ये त्या तोडीचे नाव बीडकडे अजून नाही. फुटबॉलपटू एकटा वाढत नाही. त्याला आपल्या बाजूचे दहा आणि समोरचे अकरा लागतात, तेही दर आठवड्याला.

इथे एक गोष्ट पुस्तकात हवी होती ती मी भर म्हणून घालतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात निघतात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. बरोबर लेकरे असतात. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात आणि विभाग-राज्याच्या फेऱ्या होतात नेमक्या हिवाळ्याच्या तोंडावर. कपिलधारची कार्तिकी यात्रा उरकेपर्यंत आमच्या परिसरातली कितीतरी घरे कुलूपबंद झालेली असतात. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आहे. जिल्ह्याला जिंकलेल्या संघातली बचावफळी विभागाच्या सामन्याआधी फडावर गेलेली मी पाहिली आहे. हे वेळापत्रक कोणी वाईट हेतूने केलेले नाही. मुंबई-पुण्याच्या शाळेचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे, इतकेच. नियामक संस्थेचे काम नियम करणे, पण त्याआधी कोणाच्या वर्षाला धरून नियम करायचे हे ठरवणे. याच ऊसतोडीने बीडची पोरे चार-पाच महिने कोल्हापूरच्या फुटबॉलच्या मुलखात असतात, आणि त्यांची नोंद ना इथल्या संघटनेकडे असते ना तिथल्या. हंगामी वसतिगृहे आहेत, त्यांच्या अंगणात एक चेंडू आणि एक स्पर्धा देणे विफाला अवघड नाही.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत आहे. २०१७ साली देशात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, नवी मुंबईत सामने झाले, आणि त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम आखला. शाळाशाळांना चेंडू वाटले. उत्साह खरा होता. पण चेंडूची हवा जाते, ब्लॅडर फुटतो, आणि मग पुढच्या वर्षी कोण? दिवसाचा कार्यक्रम सरकारला जमतो, वर्षाचा कार्यक्रम संघटनेलाच करावा लागतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. मुदत संपूनही निवडणुका न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली होती. फिफाने तिला बाहेरचा हस्तक्षेप ठरवले. निलंबन अकरा-बारा दिवसांत उठले आणि २ सप्टेंबरला महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाला ३३ विरुद्ध १ मतांनी हरवले. देशाचा सर्वांत लाडका फुटबॉलपटू आणि त्याला एक मत. मते राज्य संघटनांची होती. माजी खेळाडूंना निम्मी मते द्यावीत असा प्रस्ताव आधी पुढे आला होता, तो फिफाला मान्य नव्हता. राज्य संघटना म्हणजे काय चीज आहे हे बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले असावे. त्याआधी बरीच वर्षे महासंघाचे अध्यक्ष राहिलेले प्रफुल्ल पटेल यांच्याकडे विफाचेही अध्यक्षपद होते. महाराष्ट्राच्या फुटबॉलचे पुढारपण राजकारण्यांकडे असणे यात नवे काही नाही. त्याचा फायदा मैदान मिळवताना होतो आणि तोटा हिशेब मागताना. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, महासंघाला नवी घटना मिळाली, आणि त्याच वर्षी व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार संपत आल्याने देशाची सर्वोच्च लीग अडून बसली. म्हणजे वरच्या मजल्यावर सगळे हलते आहे. अशा वेळी तळमजल्याची पाहणी करून ठेवणे शहाणपणाचे.

मुलींच्या फुटबॉलविषयी पुस्तकात स्वतंत्र भाग आहे याचा मला आनंद वाटला. १९७५ पासून महिला फुटबॉलचा महासंघ वेगळा होता, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य महासंघात आला. वेगळे असताना पैसा नव्हता पण कारभार बायांच्या खेळासाठीच होता. एक झाल्यावर पैशाची आशा आली आणि रांगेत जागा शेवटची मिळाली. हे लेखकाचे मत आहे आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

पुस्तकाची रचना करंडकांच्या क्रमाने नाही, जिल्ह्यांच्या क्रमाने आहे. नवख्या वाचकाला सुरुवातीला ते अडेल. मुंबईचा फुटबॉल एकदम वाचायला मिळणार नाही, तो कोल्हापूरच्या भांडणात डोकावेल, नागपूरच्या तक्रारीत दिसेल. पण संघटनेचा इतिहास तिच्या मुख्यालयातून लिहिला की तो अध्यक्षांच्या छायाचित्रांचा अल्बम होतो. लेखकाने तो टाळला. जुन्या पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणे, पंचांच्या डायऱ्या आणि खेळाडूंच्या मुलाखती यांतून माहिती गोळा केली. एक तक्रार नोंदवतो. पैशाचा हिशेब फार थोडा आला आहे. संघटनेला पैसा कुठून येतो, जिल्ह्याला किती जातो, पंचाला सामन्यामागे काय मिळते, हे कळल्याशिवाय कारभार कळला असे म्हणता येत नाही. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

बीडला रेल्वे २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, पोहोचली. तोवर आमचे सगळे संघ एसटीने गेले, आणि त्या प्रवासांची कागदपत्रे कुठल्याही कार्यालयात नाहीत. ती लोकांच्या घरी आहेत: ट्रंकेतले प्रमाणपत्र, संघाचे पिवळे पडलेले छायाचित्र, गावच्या स्पर्धेची छापील पत्रिका, शाळेच्या क्रीडा विभागाचे जुने रजिस्टर. मराठवाड्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे की असे काही हाताशी असेल तर ते रद्दीत घालू नका. छायाचित्राच्या मागे नावे आणि साल लिहा, आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालयात किंवा आपल्या शाळेत ठेवा. या पुस्तकाचा मराठवाड्याचा भाग बाकीच्या भागांपेक्षा बारीक आहे, आणि तो जाड करणे एकट्या लेखकाच्या हातात नाही.

कपिलधार, ता. जि. बीड